बाजार कुठे भरवावा?

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज तुम्ही मला बाजाराविषयी बोलायला बोलावले आहे. मी शाळामास्तर. माझे सारे आयुष्य खडू आणि फळा यांत गेले. मास्तरला बाजारातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण बाजार काही एकट्या व्यापाऱ्याचा नसतो. भाजी विकणारी बाई, मीठ-मिरची घेणारा मजूर, खाऊसाठी हट्ट धरणारे पोर, या सगळ्यांचा तो असतो. बाजाराच्या दिवशी शाळेत पोरे कमी येतात. तेव्हा तो मास्तरचाही असतो!

आपल्या गावात सध्या एकच चर्चा चालू आहे. आठवडी बाजार कुठे भरवावा? तीन जागा पुढे आल्या आहेत. एक, नदीकाठचे पटांगण. दुसरी, गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर, फाट्याजवळची मोकळी जमीन. तिसरी, आज बाजार भरतो तीच जागा, थोडी आवरून-सावरून. चावडीवर तीच चर्चा, पानठेल्यावर तीच चर्चा. कोणी म्हणतो ही घ्या, कोणी म्हणतो ती घ्या.

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. मग बाजाराची जागा न पारखता कशी घ्यायची? बैल चुकला तर एका घराचे नुकसान. बाजाराची जागा चुकली तर पंचवीस गावांचे नुकसान. म्हणून जागा कशी पारखावी, ते आज आपण पाहू.

माझी चूक

आधी मी माझी एक चूक सांगतो.

मी एका मोठ्या गावी मुख्याध्यापक होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथे आठवडी बाजार शाळेच्या कुंपणाला लागून, चिंचेच्या झाडांखाली भरत असे. बाजाराच्या दिवशी एवढा गलका होई, की वर्गात पाढे म्हटले तरी ऐकू येत नसत. भाजीचा कचरा शाळेच्या दारात पडे. मी वैतागलो. बाजार येथून हलवावा, असा अर्ज मी लिहिला. अक्षर माझे, आणि खाली पहिली सहीही माझीच.

अर्ज मान्य झाला. गावापासून दीड किलोमीटरवर, नाल्याच्या पलीकडे सरकारी जमीन होती. सपाट, मोकळी, ऐसपैस. तेथे सिमेंटचे ओटे बांधले. वर पत्रे घातले. उद्घाटनाला मी भाषणही ठोकले. "आता आपला बाजार शहरासारखा झाला," असे मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या बाजाराला सगळे आले. दुसऱ्याला निम्मे आले. दोन महिन्यांनी पाहतो तर ओट्यांवर शेळ्या बसलेल्या!

काय झाले होते? जंगलाकडच्या गावांतल्या बाया पहाटे डोक्यावर टोपले घेऊन निघत. कोणाच्या टोपल्यात भाजी, कोणाच्या टोपल्यात मोहफूल, कोणाच्या टोपल्यात चारोळी. जुन्या बाजारात त्या वेळेवर पोहोचत. आता त्यांना सारे गाव ओलांडून, नाला उतरून आणखी पुढे जायचे होते. मग गावाच्या तोंडाशीच कोचिये उभे राहू लागले. कोचिया म्हणजे वाटेतच माल घेणारा फिरता व्यापारी. तो म्हणे, "कशाला तिकडे जाते बाई? तिकडे गिऱ्हाईक नाही. टाक येथेच." टोपले जड, ऊन चढलेले, पाय थकलेले. बाई माल देऊन टाकी. भाव तो सांगेल तो.

एकदा तेथेच मला एक म्हातारी मावशी भेटली. मी म्हटले, "मावशी, एवढा चांगला बाजार बांधला आहे. तिकडे का जात नाही?" ती म्हणाली, "बाजार चांगला हाय जी गुरुजी. पण माहे पाय जुनेच हायेत."

त्या दिवशी घरी जाऊन मी हजेरीपट काढला. सहावी-सातवीच्या मुलींच्या नावांपुढे बाजाराच्या वारी पूर्वीपेक्षा जास्त गैरहजेरी दिसली. चौकशी केली. आईला एकटीला एवढ्या दूर ओझे नेणे जमेना, म्हणून मुलगी सोबत जात होती. शाळेला शांतता मिळावी म्हणून मी बाजार हलवला होता, आणि त्याच शाळेतल्या मुली माझ्यामुळे घरी राहत होत्या.

पुढे बाया हळूहळू परत आल्या. पण चिंचेखालच्या जागेला तोवर कुंपण पडले होते. त्या रस्त्याच्या कडेला, धुळीत बसू लागल्या. जुनी जागा गेली आणि नवी लाभली नाही.

चूक कुठे झाली? जागा मी माझ्या खुर्चीवर बसून पाहिली. डोक्यावर टोपले घेऊन पाहिली नाही. एवढे एक जरी आज तुमच्या लक्षात राहिले, तरी माझे येणे सार्थक झाले.

बाजारात भाव का मिळतो?

आता एक साधा प्रश्न विचारतो. चारोळी तीच, बाई तीच. मग वाटेत भाव कमी आणि बाजारात जास्त, असे का?

वाटेत घेणारा एकच असतो. बाजारात घेणारे दहा असतात. एकाने भाव पाडला तर बाई म्हणते, "नाही देत जा," आणि दुसऱ्याकडे वळते. शेजारणीने काय भावाने दिले, ते तिला ऐकू येते. माप कमी भरले, तर चार जणी ओरडतात. बाजार भरलेला असणे, हीच गरिबाची ताकद आहे.

आपल्या या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात म्हाताऱ्या माणसांना विचारा. चारोळी देऊन बदल्यात मीठ घ्यायचे, असा व्यवहार त्यांनी पाहिला आहे. चारोळी किती महाग आणि मीठ किती स्वस्त! पण घेणारा एकटा, आणि विकणाऱ्याला बाजारभाव ठाऊक नाही. म्हणून ते चालले.

तेव्हा बाजाराची जागा म्हणजे नुसती जमीन नव्हे. बाई तेथपर्यंत पोहोचली तर तिला भाव मिळतो. वाटेत थांबली तर तिचा भाव गेला.

पावले मोजा

मग बाई कुठपर्यंत सहज पोहोचते, हे कसे ओळखायचे? त्याला इंजिनीयर लागत नाही. चिंचोके लागतात.

आपल्या गावात चार वाटांनी माणसे येतात. प्रत्येक वाटेवर वर्गातल्या दोघांना बसवा. एकाजवळ चिंचोके आणि मडके द्या. डोक्यावर ओझे घेऊन एक माणूस आला, की मडक्यात एक चिंचोका टाकायचा. बंडी आली, ऑटो आला, तर त्याची वेगळी खूण वहीत करायची. संध्याकाळी मडकी ओता आणि मोजा. असे तीन बाजार करा. पावसाळ्यातला एक, दिवाळीनंतरचा एक, आणि मोहफुलाच्या दिवसांतला एक. मग कुठल्या वाटेने ओझे जास्त येते, ते आंधळ्यालाही कळेल.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, सोपे आहे. समजा, एका रस्त्यावर चार गावे आहेत. पहिले गाव रस्त्याच्या तोंडाशी. दुसरे तेथून २ किलोमीटरवर, तिसरे ६ किलोमीटरवर, चौथे १० किलोमीटरवर. पहिल्या गावातून ४० बाया बाजाराला येतात, दुसऱ्यातून ३०, तिसऱ्यातून २०, चौथ्यातून १०.

बाजार कुठे भरवावा? पुष्कळ जण म्हणतील, बरोबर मध्यावर, म्हणजे ५ किलोमीटरवर. ऐकायला न्यायाचे वाटते. पण बेरीज करून पाहा. पहिल्या गावच्या ४० बाया ५ किलोमीटर चालतील, म्हणजे २००. दुसऱ्या गावच्या ३० बाया ३ किलोमीटर, म्हणजे ९०. तिसऱ्या गावच्या २० बाया १ किलोमीटर, म्हणजे २०. चौथ्या गावच्या १० बाया ५ किलोमीटर, म्हणजे ५०. एकूण ३६० किलोमीटर.

आता बाजार दुसऱ्या गावात भरवा. पहिल्या गावच्या बायांचे ८०, दुसऱ्यांचे शून्य, तिसऱ्यांचे ८०, चौथ्यांचे ८०. एकूण २४०. म्हणजे १२० किलोमीटरचे चालणे वाचले. आणि हे फक्त जाण्याचे. येण्याचे तेवढेच पुन्हा वाचेल. दर आठवड्याला!

शिवाय मध्यावर काय आहे? तेथे विहीर नाही, वस्ती नाही, झाड नाही. नकाशाचा मध्य वेगळा आणि माणसांचा मध्य वेगळा. बाजार माणसांच्या मध्यावर असावा.

दूरच्याचे काय?

पण कोणी विचारेल, गुरुजी, चौथ्या गावच्या दहा बायांनी काय पाप केले? त्यांना ८ किलोमीटर चालावे लागेल.

बरोबर आहे. म्हणून आपल्या पूर्वजांनी एक शहाणपण केले. त्यांनी बाजाराला जागा दिली, तसा वारही दिला. एका गावाचा बाजार सोमवारी, दुसऱ्याचा बुधवारी, तिसऱ्याचा शनिवारी. कापडवाला, मिरचीवाला, सुकट-बोंबीलवाला गावोगाव फिरतो. रोज दुकान उघडण्याइतके गिऱ्हाईक एका गावात नसते. पण सात दिवसांत सात गावे फिरला तर त्याचे पोट भरते. तेव्हा आपल्यापुढे दोन वाटा असतात. ओझे घेऊन माणसाने बाजाराकडे जायचे, किंवा बाजाराने माणसाकडे यायचे. आठवडी बाजारात या दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या होतात.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. चीन देशातल्या खेड्यांच्या बाजारांचा स्किनर नावाच्या एका अमेरिकन विद्वानाने अभ्यास केला. १९६४-६५ साली त्याने तो छापला. तेथेही असेच दिसले. लहान बाजारांचे दिवस जवळच्या मोठ्या बाजाराच्या दिवसांवर सहसा येत नसत. आणि बाजारगाव इतक्या अंतरावर असे, की टोकाच्या गावचा माणूस सकाळी पायी निघून, सौदा करून, त्याच दिवशी घरी परतू शके.

त्याच दिवशी घरी परतणे, हे माप आपणही धरावे. आपल्याकडे तर त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या वाटा जंगलातून जातात. जंगलात वाघ आहे, अस्वल आहे. सूर्य मावळायच्या आत बाई घरी पोहोचली पाहिजे. बाजार अर्धा तास दूर गेला, तर ती अर्धा तास उशिरा परतेल. तो अर्धा तास अंधाराचा असेल. शेवटची बस चुकली तर तो अर्धा तास साऱ्या रात्रीचा होईल. जागा ठरवताना हा हिशेब कागदावर लिहा.

नदीकाठचे पटांगण

आता आपल्या तीन जागांकडे येऊ. पहिली, नदीकाठचे पटांगण. उन्हाळ्यात पाहिले तर किती सुंदर! सपाट आहे, वारा आहे, पाणी जवळ आहे. फुकट आहे.

पण जागा पावसाळ्यात पाहावी. आपल्या भागात वैनगंगा, वर्धा, इरई, प्राणहिता, इंद्रावती अशा नद्या आहेत. त्या उन्हाळ्यात गाईसारख्या गरीब असतात, आणि श्रावणात ओळखू येत नाहीत. भामरागड ठाऊक आहे ना? तेथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकमेकींना भेटतात. २०१९ सालच्या पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावरून गेले आणि भामरागडच्या बाजारपेठेत शिरले. दुकाने पाण्यात गेली. जगाशी संबंध तुटला. आणि हे एकदाच झाले असे नाही. तेथे पूर वारंवार येतो.

म्हणून नदीकाठच्या जागेबद्दल गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. "आबाजी, तुमच्या आठवणीत पाणी कुठवर आले होते?" ते ज्या झाडाला हात लावतील, त्या झाडाच्या वरच्या अंगाला बाजार न्या. खाली गुरांचा बाजार भरवा, जत्रा भरवा. पण धान्याचे पोते आणि मिठाची गोणी खाली नको.

मोठा रस्ता

दुसरी जागा, फाट्याजवळची. रस्ता मोठा आहे. गाड्या थांबतील, बाहेरचे व्यापारी येतील, असे तरुण मंडळी म्हणतात. त्यात खोटे काही नाही. रस्ता आला की पेठ वाढते. रेल्वे आली की आणखी वाढते. वडसा पाहा. तेथे रेल्वे स्टेशन झाले आणि व्यापार वाढला. देसाईगंज हे त्याचे दुसरे नाव. गंज म्हणजे धान्याची पेठ. गावाच्या नावातच बाजार आला.

पण रस्त्याजवळ असणे वेगळे आणि रस्त्यावर बसणे वेगळे. आपल्या रस्त्यांवरून आता कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या जड गाड्या धावतात. सूरजागडच्या खाणीचे ट्रक आलापल्ली, आष्टी या मार्गावर तुम्ही पाहिले असतील. अशा रस्त्याच्या कडेला पसरा मांडायचा, आणि मागे वळून न पाहता काकडी निवडत बसायचे? लेकरू रस्त्यावर धावले तर?

रस्ता बाजाराच्या कानाशी असावा, मांडीवर नसावा. बस थांबते तेथून पायी पाच मिनिटांवर, पण रस्त्याला पाठ करून, मध्ये कुंपण किंवा झाडांची रांग असलेली जागा चांगली.

गाडीचा बाजार आणि डोक्याचा बाजार

येथे एक भेद समजून घ्या. बाजार दोन जातींचा असतो. एक ठोक, एक चिल्लर. ठोक बाजार गाडीचा. तेथे पोती येतात, ट्रक वळतात, वजनकाटा लागतो. चिल्लर बाजार डोक्याचा. तेथे टोपले येते, आणि पाव किलो, अर्धा किलो विकले जाते. आपण त्याला गुजरी म्हणतो.

ठोक बाजार गावाबाहेर गेला तरी चालतो. उलट तो जावाच. मुंबईचा भाजीपाल्याचा ठोक बाजार १९९६ साली शहराच्या गर्दीतून काढून वाशीला नेला. कारण अरुंद रस्त्यांत ट्रक अडकत होते. पण गल्लोगल्लीची चिल्लर भाजी मात्र मुंबईतच राहिली. रोजची भाजी घ्यायला कोणी वाशीला जात नाही.

आपले चंद्रपूर पाहा. गोंडराजांनी शहराला परकोट बांधला. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे दरवाजे ठेवले. ते दरवाजे बैलबंडीच्या काळाचे. आज जटपुरा दरवाजाजवळ वाहनांची किती कोंडी होते! तेथून भाजीचा ट्रक नेणे शहाणपणाचे नाही. पण गोलबाजार भर वस्तीत आहे, म्हणूनच तेथे पायी जाऊन सौदा घेता येतो.

दोन्ही बाजार एकाच जागी कोंबायचे, की भांडण होते. ट्रकला मोकळी जागा हवी, टोपल्याला जवळची जागा हवी. दोघांचेही खरे आहे. म्हणून माझे मत सांगतो. धानाचा, पोत्यांचा बाजार फाट्याजवळ न्या. गुजरी आहे तेथेच ठेवा.

पुण्याच्या मंडईची गोष्ट

आता इमारतीविषयी दोन शब्द. बाजार म्हटला की पुढाऱ्यांना आधी इमारत सुचते. मलाही एकदा सुचली होती, ते तुम्ही ऐकलेच!

फार वर्षांपूर्वी पुण्यात भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भरत असे. इंग्रजांच्या काळात नगरपालिकेने ठरवले, की मोठी दगडी मंडई बांधावी. तेव्हा महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचे घराणे फुले विकणारे. बाजार त्यांना आपल्या माणसांइतका ठाऊक होता. त्यांनी या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही. १८८६ साली मंडई उघडली. तिला गव्हर्नर रे साहेबांचे नाव दिले. आज त्याच मंडईला महात्मा फुले मंडई म्हणतात!

ती मंडई आजही चालते. का चालते? ती शुक्रवार पेठेत, भर शहरात आहे. जुन्या बाजारापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. इमारत कितीही भक्कम असती आणि ती दोन कोस दूर असती, तर तेथेही शेळ्याच बसल्या असत्या. आणि फुल्यांचा प्रश्न आजही खोटा ठरला नाही. पैसा खर्च करण्यापूर्वी विचारा, यातून टोपलेवालीला काय मिळेल?

तिला काय लागते, ते सांगतो. सावली लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५-४६ अंशांच्या वर जातो. आणि मोहफूल, चारोळी याच उन्हाच्या दिवसांत बाजारात येतात. पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. चिंच, वड, कडुनिंब यांच्याखाली बसवते. म्हणून जुने बाजार झाडांखाली आहेत. झाड तोडून ओटा बांधू नका. झाडाभोवती ओटा बांधा.

प्यायचे पाणी लागते. आणि बायांसाठी आडोसा लागतो, शौचालय लागते. हे बोलायला लाज वाटू देऊ नका. शौचालय नाही म्हणून कितीतरी बाया बाजाराच्या दिवशी पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि मग आजारी पडतात. ओटे दहा कमी बांधा, पण हे आधी बांधा. बाजारात बसणाऱ्यांकडून बैठकी वसूल होते ना? मग तो पैसा बाजारातच दिसला पाहिजे.

ठरवायचे कोणी?

आता शेवटचा प्रश्न. हे सगळे ठरवायचे कोणी?

१९९६ साली पेसा कायदा झाला. आदिवासी भागातल्या गावांना त्याने अधिकार दिले. गावचा बाजार सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. ज्यांची गावे पेसात येतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

२०१५ साली आपल्याकडची तालुक्याची बरीच गावे नगर पंचायती झाली. तेथे दुसरा कायदा उपयोगी पडतो. तो २०१४ सालचा पथविक्रेत्यांचा कायदा. शहरात विक्रेत्यांच्या जागा ठरवण्यासाठी एक समिती असते. तिच्यात दर शंभरांत निदान ४० सभासद स्वतः विक्रेते असले पाहिजेत. ते विक्रेत्यांनीच निवडून द्यायचे. त्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. जेथे पूर्वीपासून विकणारे आणि घेणारे आपोआप जमतात, अशा जागेलाही हा कायदा मान देतो.

आणखी एक. २०१६ सालापासून महाराष्ट्रात भाजीपाला आणि फळे बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला शेतकऱ्याला मोकळीक आहे. म्हणजे आपला माल आपण आपल्या बाजारात थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो. म्हणून तर आपल्या बाजाराची जागा चांगली हवी.

कायदा कागदावर असतो. तो उठून सभेला येत नाही. आपल्याला जावे लागते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावचे नाव तुम्ही ऐकले असेल. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. वेळ लागतो. पण याच गावाने आपल्या जंगलाचा हक्क मिळवला, आणि २०११ साली आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा अधिकार घेतला. एवढेसे गाव हे करू शकते. मग आपण बाजाराची जागा ठरवू शकणार नाही काय?

मात्र सभा बाजाराच्या दिवशी, बाजारातच घ्या. संध्याकाळी चावडीवर घेतली तर गावातले पुरुष येतील. टोपलेवाली तोवर जंगलाच्या वाटेला लागलेली असेल. जिच्यासाठी बाजार, तिलाच विचारले नाही, असे व्हायला नको. माझ्या अर्जावर पंधरा सह्या होत्या. त्यांत एकही अंगठा नव्हता. ज्यांना सही येत नव्हती, त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

आता तुम्हाला सही येते. अर्ज वाचता येतो. उद्या तुमच्यासमोर कागद आला, तर लगेच सही करू नका. आधी तो मोठ्याने वाचा. मग एकदा टोपले डोक्यावर घ्या आणि त्या जागेपर्यंत चालून या. भर उन्हात चाला, पावसात चाला. पायांनी होकार दिला, तर मग हाताने सही करा.

 

विचार करा आणि बोला

१. तुमच्या गावच्या बाजाराला कोणकोणत्या गावांतून माणसे येतात? सर्वांत दूरचे गाव किती किलोमीटरवर आहे?

२. गुरुजींनी सुचवलेली चिंचोक्यांची मोजणी तुमच्या गावात कोणत्या वाटांवर करावी लागेल?

३. तुमच्या बाजारात सावली, पाणी आणि बायांसाठी शौचालय आहे काय? नसेल तर ग्रामसभेला चार ओळींचा अर्ज लिहा.

४. वाटेत माल विकणे आणि बाजारात माल विकणे, यांत काय फरक पडतो? तुमचा स्वतःचा अनुभव सांगा.